जुन्या नकाशांवरून गावाचा इतिहास कसा शोधायचा, सुरुवात कुठून करू?

आधी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावाचा जुना सर्व्हे नंबरचा नकाशा काढा, गट नंबरचा नको. कारण 1947 च्या जमीन एकत्रीकरण कायद्यानंतर बऱ्याच गावांत तुकडे जोडून नवे गट पडले आणि त्यात जुन्या हद्दी पुसल्या गेल्या, ऑनलाइन महाभूनकाशावर बहुतेक हेच गट दिसतात. जुन्या नकाशात काय बघायचं तर गावठाण, शीव (गावाची हद्द), ओढे, विहिरी आणि मुख्य म्हणजे गाडीवाटा, आज बांधावर संपणारी वाट तिथे थेट पुढच्या गावापर्यंत गेलेली दिसते, मग तो बाजाराचा रस्ता होता का ते म्हाताऱ्या माणसांना विचारा (हे लवकर करा खरंच). सोबत टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर अमेरिकन लष्कराचे 1950 च्या दशकातले नकाशे फुकट आहेत, उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या पळसदेवसारख्या गावांच्या पट्ट्यात धरणाआधीची भीमा बघायला ते फार कामाचे, फक्त स्केल लहान असल्याने वाड्यावस्त्या सगळ्या सापडणार नाहीत. एक लक्षात ठेवा, गावनकाशा शेतसाऱ्यासाठी बनलेला, त्यामुळे गावठाणाच्या आत कोणाची आळी कुठे होती हे त्यात मिळत नाही.