कोल्ड स्टोरेजच्या अलार्मसाठी मॉडेम कुठला? स्पीड विसरा, आधी लाइट घालवून बघा

पिंपळगावकर भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तीन चेंबर, कंट्रोलरमधून अलार्मचे रिले (विजेवर चालणारे स्विच) निघतात आणि ऑफिसात लिनक्सचा एक छोटा पीसी आहे. तापमान चढलं, लाइट गेली किंवा अमोनियाचा डिटेक्टर वाजला, की पाच जणांना एसएमएस जावा आणि रात्रीच्या ऑपरेटरला फोन जावा. सिम घालून मेसेज आणि फोन करणारा मॉडेम म्हणून तुमच्यापुढे तीन वस्तू आहेत: ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला सिम८००एल, कपाटात पडलेला जुना यूएसबी डोंगल आणि डीलरने कोट केलेला महागडा इंडस्ट्रियल मॉडेम. यातल्या कुठल्याचा स्पीड चांगला, असं विचारलंय तुम्ही.

स्पीड डोक्यातून काढून टाका. एक एसएमएस म्हणजे जेमतेम १४० बाइट, त्याला काय स्पीड लागणार? लाइट जाऊन परत आली, टॉवर मध्येच गायब झाला, सॉफ्टवेअर अडकलं, आणि कोणी हात लावायला नाही. अशा वेळी मॉडेम आपला आपण उठून कामाला लागतो का, एवढंच बघायचं. मी सांगली-मिरज पट्ट्यात पंधराएक वर्षं पॅनेलची कामं करतोय. माझे जेवढे अलार्म फसले त्यातला एकही स्पीडमुळे फसला नाही.

सिम८००एलपासून सुरू करतो, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. मॉड्यूल वाईट नाही, पण तो निव्वळ २जी आहे. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं चालेल. दुसरी भानगड करंटची. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्कशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंतचा झटका तो मागतो. लोक त्याला मोबाइलच्या चार्जरवर किंवा आर्डुइनोच्या (छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या) पिनेवर टांगतात, आणि नेमका मेसेज पाठवायच्या क्षणी तो रिसेट होतो. मग दोष सिमला, कंपनीला, हवामानाला. घ्यायचाच असेल तर नीट बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवून स्थिर देणारा बोर्ड) द्या आणि मॉड्यूलच्या पायाशी मोठा कपॅसिटर लावा. पण आज नवीन काम करताना मी २जीवरच अडकलेली वस्तू घेणार नाही. शेतातल्या मोटरसाठी ठीक, लाखोंच्या मालासाठी नको.

जुन्या डोंगलचं थोडक्यात सांगतो: नको. बहुतेक ३जीच्या जमान्यातले आहेत आणि खाजगी कंपन्यांनी आपल्याकडचं ३जी जवळजवळ गुंडाळलंय. शिवाय नंतरचे बरेच डोंगल पीसीला लावले की नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात, कमांड द्यायला सीरियल पोर्टच देत नाहीत. व्हॉइस, म्हणजे फोन लावून बोलायची सोय, तर नशिबावर.

मग घ्यायचं काय? २जीवर उतरू शकणारा ४जी कॅट-१ किंवा कॅट-४ (हे ४जीच्या स्पीडचे वर्ग) मॉड्यूल, सीरियल किंवा यूएसबीवर एटी कमांड (मॉडेमला द्यायचे ठरावीक लेखी हुकूम) घेणारा, बाहेरच्या अँटेनासाठी एसएमए कनेक्टर असलेला. सिमकॉमचे सिम७६०० आणि ए७६७०, क्वेक्टेलचे ईसी२५ आणि ईसी२००यू ही नावं बाजारात सहज दिसतील. खरी गोम पुढेच आहे. एकाच नावाच्या मॉड्यूलचे अनेक उपप्रकार असतात आणि फरक शेवटच्या दोन-चार अक्षरांत लपलेला असतो. एकात व्हॉइस आहे, दुसऱ्यात फक्त डेटा आणि एसएमएस. एकात २जी आहे, दुसऱ्यात नाही. दुकानदार "चालेल की" म्हणतो, त्यावर जाऊ नका. पूर्ण पार्ट नंबर घेऊन कंपनीची डेटाशीट उघडा आणि व्हॉइस लिहिलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बँडही, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर तो चालतो, तिथेच बघा. जिओ असेल तर ३, ५ आणि ४० हे बँड हवेत. स्वस्तात मिळतोय म्हणून एनबी-आयओटीवाला (फक्त थोडा डेटा पाठवणारा) मॉड्यूल उचलू नका, त्यावर फोन लागत नाही.

आता ४जीवर फोन म्हणजे व्होल्टी, आणि मॉड्यूलला व्होल्टी येते म्हणजे तुमच्या कंपनीच्या नेटवर्कवर येतेच असं नाही. फर्मवेअरमध्ये (मॉड्यूलच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या कंपनीचं प्रोफाइल लागतं. म्हणून विकत घेताना अट घाला: माझं सिम घालून, माझ्यासमोर फोन लावून दाखवा, आणि दोन्ही बाजूंनी आवाज आला पाहिजे. नुसती रिंग वाजली म्हणजे झालं असं नाही. माझ्या एका कामात रिंग जायची, माणूस फोन उचलायचा आणि पुढे शांतता. मॉड्यूलचा आवाज बोर्डावरच्या हेडफोनच्या भोकातून बाहेर पडत होता, आमचा पीसी यूएसबीवर वाट बघत बसला होता. आवाज अॅनालॉग पिनेवर येतो, पीसीएमवर (डिजिटल पिनांवर) येतो की यूएसबीवर साउंड कार्डासारखा दिसतो, हे आधीच ठरवा. पीसी आहेच, तर यूएसबी ऑडिओ सगळ्यात सोपं. काही मॉड्यूलमध्ये फाइल पोटात साठवून ती थेट समोरच्याला ऐकवायची सोय असते, तीही छान. काहींत बोलणारा आवाज आतच असतो, पण तो चिनी आणि इंग्रजीच बोलतो, मराठी नाही.

त्यामुळे आवाज रेकॉर्डच करा, ८ किलोहर्ट्झ, मोनो. आणि तो तुमचाच करा. कवठेमहांकाळ भागातल्या एका ठिकाणी आम्ही कंप्युटरचा गोड बाईचा आवाज लावला होता. ऑपरेटर दोन सेकंदांत फोन कापायचा, त्याला वाटायचं कर्जवाल्यांचा फोन आहे! मग मालकांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं, "अरे ऊठ, दोन नंबर चेंबर गरम झालंय." पुन्हा कधी फोन कापला गेला नाही.

फोन उचलला की नाही हे मॉडेमला कळणं हा या सगळ्याचा गाभा आहे. पूर्वी आम्ही लँडलाइनवर व्हॉइस मॉडेम लावायचो, तेव्हा हीच मोठी डोकेदुखी होती. साध्या लाइनवर समोरच्याने फोन उचलल्याची खूणच मिळत नसे, मॉडेम रिंगच्या आवाजावरून अंदाज बांधायचा आणि निम्मा निरोप रिंगलाच ऐकवायचा. मोबाइल मॉड्यूलमध्ये एटी+सीएलसीसी विचारलं की कॉलची अवस्था आकड्यात मिळते: ३ म्हणजे तिकडे वाजतोय, ० म्हणजे जोडला गेला. ० दिसल्यावर एक सेकंद थांबा, मग आवाज सोडा, आणि तोच निरोप तीनदा ऐकवा. झोपेतल्या माणसाला पहिला अर्धा निरोप कळतच नाही.

ऐकलं याची पावती म्हणून लोक "१ दाबा" ठेवतात. व्होल्टीवर मॉड्यूलला ते बटण ऐकू येईलच असं नाही, मी त्यात बरेच दिवस घालवलेत. आपला देशी उपाय जास्त पक्का आहे: ऑपरेटरने मॉडेमच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा. एटी+सीएलआयपी=१ करून ठेवलं की रिंगबरोबर नंबर येतो, पीसी तो ओळखतो आणि पुढच्या माणसाला फोन करायचं थांबवतो. पैसे शून्य, शिकवायला एक मिनिट. पाच मिनिटांत मिस कॉल आला नाही तर सुपरवायझरला, मग तुम्हाला. एसएमएस मात्र सगळ्यांना सुरुवातीलाच सोडा, पण त्याच्यावर विसंबू नका. मॉडेमने "ओके" म्हटलं म्हणजे मेसेज नेटवर्कने घेतला, माणसाने वाचला असं नव्हे.

रात्री फोन सायलेंटवर असतो हेही धरा. अँड्रॉइडच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये ठरावीक नंबरांना सूट देता येते, तसंच एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजू द्यायची सोय आहे. दोन्ही चालू करून घ्या आणि दुसरा फोन लगेच लावा. मॉडेमचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये ठसठशीत नावाने सेव्ह असू द्या.

देवनागरीत एसएमएस पाठवायचा असेल तर एका मेसेजात १६० नाही, ७० अक्षरं बसतात, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'चेंबर' हीच पाच झाली. त्यामुळे "चेंबर २: ६.५ अंश, १० मिनिटं" इतकंच लिहा. लांबवलात तर तुकडे पडतात आणि बिल दोन मेसेजांचं.

आता लाइट. तुमचा सगळ्यात महत्त्वाचा अलार्म लाइट गेल्याचा, आणि त्याच क्षणी मॉडेमही बंद पडणार असेल तर काय उपयोग? १२ व्होल्टची बॅटरी आणि चार्जर मॉडेमसाठी वेगळा ठेवा, ऑफिसच्या यूपीएसवर प्रिंटरबरोबर नको. पीसीसुद्धा त्याच बॅटरीवर. पुढची गोष्ट कोणी सांगत नाही: बरेच बोर्ड लाइट परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत. पॉवर-की नावाची पिन क्षणभर खाली ओढावी लागते, म्हणजे कोणीतरी बटण दाबायला पाहिजे. सिम९००च्या जुन्या शील्डवर हे हमखास व्हायचं. म्हणून टेबलावर दहा वेळा वायर काढून लावून बघा. दहाही वेळा तो आपोआप नेटवर्कवर आला, तरच पॅनेलमध्ये जाऊ द्या. शिवाय पीसीने दर मिनिटाला एटी विचारावं, तीनदा उत्तर नाही आलं तर रिलेने मॉडेमची लाइट दहा सेकंद तोडावी. इंडस्ट्रियल मॉडेमचे जास्तीचे पैसे खरं तर याच गोष्टींचे असतात: आतला वॉचडॉग (अडकला की मॉडेम आपोआप रिस्टार्ट करणारा), ९ ते ३० व्होल्टपर्यंत काहीही द्या, पॅनेलमधल्या डिन रेलच्या पट्टीवर बसवा. पॅनेलचं काम येणारा माणूस हाताशी नसेल तर डीलरचा मॉडेमच घ्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त व्हॉइसची अट त्यालाही घाला, त्यातले पुष्कळ फक्त डेटा आणि एसएमएसवाले असतात.

लिनक्सवर दोन खोड्या. मॉडेममॅनेजर नावाची सेवा पोर्ट पकडून बसते आणि तुमच्या कमांडमध्ये स्वतःच्या घुसवते, ती बंद करा. आणि रीस्टार्टनंतर यूएसबी पोर्टचा नंबर बदलतो, म्हणून यूडेव्हमध्ये (लिनक्सची उपकरणांना नावं देणारी सोय) त्याला कायमचं नाव द्या. एसएमएससाठी गामू नावाचं सॉफ्टवेअर चांगलं आहे.

मॉडेम चेंबरजवळ ठेवू नका. चेंबरच्या भिंतीच्या पफ (फोमच्या) पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, सिग्नल आत येतच नाही. ऑफिसात ठेवा, अँटेना छतावर काढा, पण बारीक केबल लांबवू नका, तिच्यात मीटरमागे साधारण एक डेसिबल तरी जातो. सिग्नल किती ते विचारणाऱ्या एटी+सीएसक्यूचं उत्तर ० ते ३१ मध्ये येतं, ९९ म्हणजे काहीच कळत नाही. १५च्या वर असेल तर निवांत, १०च्या खाली असेल तर आधी अँटेनाचं बघा.

आणि सिम. तासगावकडच्या एका बेदाण्याच्या स्टोरेजमध्ये सगळं मी स्वतः बसवलं होतं, बॅटरीसकट. तीन आठवडे एकही अलार्म नाही, सगळे खूश. मग एका पहाटे कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि कोणालाच काही कळलं नाही. सिमचा पॅक संपला होता आणि आठवण करून देणारे मेसेज येत होते त्याच मॉडेममध्ये, जे कोणी वाचत नव्हतं. चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी रोज सकाळी आठला मॉडेम "ठीक आहे" असा एसएमएस पाठवतो, बॅटरीचे व्होल्ट आणि सिग्नल त्यातच. सव्वाआठपर्यंत आला नाही तर फोन करायचा, हे काम मालकाच्या घरच्या एका माणसाच्या नावावर. शिवाय मॉडेममध्ये आलेला प्रत्येक मेसेज पीसीने पुढे ढकलायचा. टेलिकॉम नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यावर फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक परत मिळू लागलेत, वर्षभराच्या आसपासच्या मुदतीचेही, तसला घ्या. बिझनेससाठीचं एम२एम (यंत्रांत घालायचं) सिम घ्यायला गेलात तर त्याचा नंबर १३ आकडी असतो आणि फोन-एसएमएस आधी ठरवून दिलेल्या मोजक्या नंबरांपुरतेच चालतात, माणसं बदलली की कागदपत्रं. आणि याच सिमवरून शेतकऱ्यांना भाव कळवायचा मोह होईल, तो आवरा. तसल्या मेसेजांना डीएलटीवर (व्यावसायिक मेसेजांच्या यंत्रणेवर) नोंदणी लागते, सिम बंद पडलं तर अलार्मही बंद.

तापमानाच्या अलार्मला दहा मिनिटांचा उशीर ठेवा, नाहीतर डीफ्रॉस्ट झाला किंवा दार उघडं राहिलं की फोन जाईल आणि आठवड्यात ऑपरेटर तो उचलायचा बंद होईल. अमोनियाला मात्र एक सेकंदाचाही उशीर नको. त्याचा भोंगा जागेवरही वाजला पाहिजे, मॉडेमच्या भरवशावर नाही.

विकत घेण्याआधी मॉड्यूलचा पूर्ण पार्ट नंबर आणि तुमच्या ऑफिसच्या छतावर कुठल्या कंपनीचा सिग्नल किती येतो ते इथे टाका. अँटेना आणि केबल कुठली ते त्यावरून सांगतो.