लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचं शेवटचं स्टेशन शेतात का होतं?

जुन्या नकाशात मेट्रोपॉलिटनच्या (लंडनची पहिली भुयारी रेल्वे चालवणारी कंपनी) टोकाला ‘व्हर्नी जंक्शन’ दिसतं, पण त्या नावाचं जुनं गाव कुठेच सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय. सापडणार कसं? गाव नव्हतंच.

बकिंगहॅमशरमध्ये १८६८ साली आयल्सबरीकडून आलेला फाटा ऑक्सफर्ड–ब्लेचली लाइनला जिथे मिळाला, तिथे चहूकडे नुसती कुरणं होती. नाव द्यायला जवळ काही नाही, म्हणून जमीनमालक सर हॅरी व्हर्नी यांचं आडनाव लावून मोकळे झाले. (त्यांची दुसरी बायको पार्थेनोप ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलची सख्खी बहीण. फ्लॉरेन्सबाई जवळच्याच क्लेडन हाउसमध्ये मुक्कामाला येत.)

लंडनची गाडी इथवर आली ती सर एडवर्ड वॉटकिन यांच्या हट्टापायी. हा गृहस्थ एकाच वेळी मेट्रोपॉलिटनचा अध्यक्ष, मँचेस्टरकडच्या एका कंपनीचा अध्यक्ष, शिवाय फ्रान्सला जाणारा समुद्राखालचा बोगदा खणायला निघालेला. मँचेस्टरहून थेट पॅरिस गाठायचं होतं त्याला! बोगद्याचं काम लष्कराने धास्ती घेतल्यामुळे १८८२ लाच थांबलं, पण डोक्यातलं खूळ काही गेलं नाही. १८९१ मध्ये आयल्सबरीचा फाटा मेट्रोपॉलिटनने घेतला आणि लंडनच्या बेकर स्ट्रीट स्टेशनपासून सुमारे ८० किलोमीटरवरचं हे स्टेशन तिचं टोक झालं.

पण १८९९ ला त्या मँचेस्टरकडच्या कंपनीची उत्तरेची मेन लाइन सुरू झाली, ती अलीकडच्या क्वेंटन रोडपाशीच वळली. व्हर्नी जंक्शन आडबाजूला पडलं. गंमत म्हणजे १९१० पासून पुलमनचे आलिशान डबे लावलेल्या काही गाड्या तरीही इथवर येत. कुरणात उतरायला पुलमन!

१९३६ मध्ये लंडनची प्रवासी गाडी बंद झाली, १९६४ मध्ये बकिंगहॅम गावाकडे जाणारी, आणि १ जानेवारी १९६८ ला स्टेशनच.

मी दहाएक वर्षांपूर्वी सायकलने गेलो होतो. रेल्वे कामगारांसाठी बांधलेली विटांची घरं अजून होती, माणसं राहत होती. फलाट झुडपांनी गिळलेला. खाली रूळ तांबूस गंजलेले, त्यांच्या मधून मनगटाएवढ्या जाडीचं झाड वर आलेलं. स्टेशनामागून उगवलेल्या त्या वस्तीला आज व्हर्नी जंक्शन हेच नाव आहे.

आता ईस्ट वेस्ट रेलसाठी (ऑक्सफर्ड–केंब्रिज जोडणारा रेल्वे प्रकल्प) तिथे रूळ नव्याने टाकलेत. पण नवं स्टेशन बांधलंय ते शेजारच्या विन्सलोला. व्हर्नी जंक्शनला थांबा नाही.