मुलगा अठराचा झाला. आता त्याच्या ठेवीवर सही कोणाची?

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. यंदा तो मुक्त विद्यालयातून बारावी झाला. जानेवारीत त्याला अठरा पूर्ण झाली. आजीने त्याच्या नावावर ठेवलेली चार लाखांची मुदत ठेव आता पिकली आहे, पण बँक माझी सही चालणार नाही म्हणते. नातेवाईक म्हणतात, मुलाकडून मुखत्यारपत्र लिहून घ्या. एका वकिलांनी कोर्टात पालकत्वाचा अर्ज तयार ठेवला आहे. पती टपाल खात्यातून निवृत्त आहेत. त्यांना घर मुलाच्या नावावर करायचं आहे आणि मृत्युपत्रात त्याच्या काकांना पालक नेमायचं आहे. मुलाला बेकरीचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. तो सही करतो, पाचशेपर्यंतचे पैसे मोजून सामान आणतो. अपंगत्वाचा दाखला आहे, पण त्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली. काय करावं?

उत्तर : ताई, मुखत्यारपत्र करू नका. त्यावर मुलाने सही करायची म्हणजे आपण कोणाला कसला अधिकार देतोय हे त्याला समजायला हवं. समजत असेल तर बँकेतही तो स्वतःच सही करू शकतो, तुमची गरज नाही. समजत नसेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ आणि १२ पुढे तो कागद उभा राहणार नाही. दोन्हीकडून निरुपयोगी असलेल्या कागदासाठी स्टँप आणि नोटरीचा खर्च कशाला?

वकिलांनी तयार केलेला अर्ज मी पाहिलेला नाही, म्हणून जपून बोलतो. तो १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली असेल, तर तो कायदा अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या मुलांसाठी आहे आणि तुमचा मुलगा जानेवारीपासून सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा आधार घेतला असेल, तर त्या कायद्याने बौद्धिक अक्षमता मानसिक आजाराच्या व्याख्येतूनच वगळलेली आहे. कोर्ट असा अर्ज पहिल्या दिवशी फेटाळत नाही. तारखा पडतात, जबाब मागवला जातो, पुन्हा तारखा पडतात, आणि दीड-दोन वर्षांनी कोणीतरी विचारतं की हा अर्ज इथे कसा आला. तोवर ठेव बँकेतच पडून.

तुमचं सगळं प्रकरण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ वर उभं आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपैकी काही असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला दिला आहे. समितीत कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती असते. अर्ज आई-वडील करू शकतात. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आता कलम १४ मधलं पोटकलम ३ नीट वाचा. समितीने दोन गोष्टी पाहायच्या असतात : या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ अर्जांत या दुसऱ्या मुद्द्यापुढे ‘सर्व कामांसाठी’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. आई-वडिलांना वाटतं, एकदाच काय ते मोकळं होऊ. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १४(२) प्रमाणे, दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालकही आता मर्यादित पालक म्हणूनच काम करतो, असं मानलं जातं. ठरावीक निर्णयांपुरता, आणि तोही त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून. म्हणजे तुम्ही ‘सर्व’ लिहून आणलं तरी कायदा ते ‘सर्व’ म्हणून वाचणार नाही. उलट उद्या बँक, विमा कंपनी किंवा एखादा नातेवाईक विचारेल, यात ठेव मोडायचा अधिकार नेमका कुठे लिहिलाय?

म्हणून कामं एकेक करून लिहा. आजीची मुदत ठेव आणि तिचं नूतनीकरण, विमा, सरकारी योजनांचे अर्ज, वडिलांनंतरचं कुटुंब निवृत्तिवेतन, मोठ्या आजारात उपचारांची संमती. एवढं पुरे. बेकरीच्या प्रशिक्षणाचा प्रवेश, त्याचं छोटं बचत खातं, दिवाळीला कोणता शर्ट घ्यायचा, हे यात घालू नका. तुम्हीच लिहिलंय की तो सही करतो आणि पाचशेपर्यंत हिशेब जमवतो. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याने प्रवेशाच्या अर्जावर स्वतःच सही करायची असते. प्रशिक्षण केंद्रावरच्या कारकुनाने ‘पालकांची सही आणा’ म्हटलं, तर त्याला हे शांतपणे सांगा. फी भरणाऱ्याचं नाव लिहायला हरकत नाही.

या सगळ्याआधी दाखला. दोन वर्षं मुदत संपलेली असताना तो कपाटात ठेवून कसं चालेल, हे मला कधीच कळलेलं नाही. लहानपणचा दाखला बहुधा तात्पुरता असतो आणि कुठवर चालेल ते त्यावर छापलेलं असतं. शाळेने तो चालवून घेतला, कारण शाळेला मूल माहीत असतं. समितीला माहीत नसतं. आज अर्ज केला तर फाइल पहिल्याच पानावर अडेल. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा, आपल्या जिल्ह्यातल्या अधिकृत वैद्यकीय मंडळापुढे मुलाला न्या. आता सज्ञान झालाय, तेव्हा कायमच्या दाखल्याची मागणी करा. दाखल्यावर अक्षमतेचा प्रकार स्पष्ट आणि टक्केवारी अंकात व अक्षरांत आहे ना, ते खिडकीवरून हलण्यापूर्वीच तपासा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षणासकट बऱ्याच गोष्टींचे दरवाजे उघडतात.

घाई का करायची, तेही सांगतो. कायद्याप्रमाणे समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेटायचं असतं. ‘तरी’ हा शब्द वाचून लोक खूश होतात. बैठका मात्र बहुतेक तिमाहीच्या चालीनेच होतात. दाखल्याला लागणारा वेळ, त्यात एक बैठक हुकली की आणखी तीन महिने. जन्मतारीख घरात सगळ्यांना अठरा वर्षं माहीत होती, आणि अठरा पूर्ण होण्यापूर्वीच दाखला नवा करून अर्जाचे कागद तयार ठेवले असते तर आजीच्या ठेवीसाठी तुम्ही आज बँकेत खेटे घालत नसता. हे तुम्हाला एकट्यालाच बोलत नाही. या महिन्यात जवळजवळ असाच प्रश्न विचारणारी बरीच पत्रं आली आहेत.

अर्जाला कोणकोणते कागद लागतात, ते राष्ट्रीय न्यासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि कलेक्टर कचेरीतही विचारा, कारण मागण्या जिल्ह्याजिल्ह्यांत थोड्या बदलतात. मुलाला भावंडं असतील तर त्यांचं ना-हरकत पत्र मागत नसले तरी जोडा. पुढचे वाद तिथूनच निघतात. समिती फार दिवस हललीच नाही तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली गुजरात उच्च न्यायालयात जाता येतं. तो मार्ग किती लांब पडेल, यावर आज काही बोलत नाही.

प्रमाणपत्र हाती आलं की बँकेला लेखी पत्र द्या, तोंडी बोलू नका. स्थानिक स्तर समितीने दिलेल्या पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर खातं उघडू आणि चालवू द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलेलं आहे. शाखेतल्या नव्या अधिकाऱ्याला ते माहीत नसेल; पत्रात त्याचा उल्लेख करा आणि पोच घ्या.

मग राष्ट्रीय न्यास कायद्याचं कलम १६. पालक झाल्यापासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. ‘आईने मुलाचा हिशेब कोणाला द्यायचा?’ असं म्हणून बरेच जण हे करतच नाहीत. पुढे घरात भांडण झालं की कलम १७ खाली पालक हटवण्याच्या अर्जात हेच पहिलं कारण लिहिलं जातं. एक वही ठेवा. व्याज किती आलं, खर्च कशावर झाला. जूनअखेर तिची प्रत कलेक्टर कचेरीत.

काकांचं म्हणाल, तर मृत्युपत्रातली ती ओळ काढून टाका. हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे बापाला मृत्युपत्राने पालक नेमता येतो तो अज्ञान अपत्यासाठी. सज्ञान मुलाच्या बाबतीत ती ओळ म्हणजे फक्त इच्छा, आदेश नव्हे. तुमच्या दोघांनंतर पालक पुन्हा समितीच नेमेल. काकांची तयारी असेल तर त्यांचं संमतिपत्र आताच घेऊन ठेवा. शिवाय काकांचं वय? सत्तरीकडे झुकलेल्या माणसाच्या गळ्यात अठरा वर्षांच्या मुलाची जबाबदारी टाकायची म्हणजे दहा वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा. भाचे-पुतण्यांत पस्तिशी-चाळिशीतलं, विश्वासाचं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला.

घर मुलाच्या नावावर करायची घाई नको. तुमची एकूण परिस्थिती माहीत नसल्याने इथे ठाम सांगत नाही. मृत्युपत्रात विश्वस्त नेमून घर त्याच्या राहण्यासाठी राखून ठेवणं बहुतेकांना सोयीचं पडतं, पण ते तुमच्या वकिलांशी बसून ठरवा. घर त्याच्या नावावर झालं आणि पुढे भाड्याने दिलं, तर ते भाडं त्याचं उत्पन्न धरलं जाईल. याचा संबंध निवृत्तिवेतनाशी कसा येतो ते आता पाहा.

पती केंद्र सरकारच्या खात्यातून निवृत्त आहेत. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला त्या नियमांप्रमाणे आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्याचं नाव पतीने जिवंतपणीच निवृत्तिवेतनाच्या आदेशात नोंदवून घ्यावं आणि मुलाच्या वतीने ते कोण घेईल त्या व्यक्तीचं नामनिर्देशनही द्यावं. समितीने नेमलेला पालकही यासाठी मान्य आहे. हे काम पतीने करायचं आहे आणि याच महिन्यात. वडील गेल्यावर ज्या घरांना हे जुळवावं लागतं, त्यांना नव्याने वैद्यकीय मंडळ, नव्याने शपथपत्रं आणि खात्याच्या उत्तराची वाट, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

‘मग त्याने बेकरीत काम केलं तर पेन्शन जाईल, त्यापेक्षा घरीच बरा’, हे पत्रात नाही, पण घरात कोणीतरी म्हणत असणारच. आधी हिशेब करा. केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरवलं की दिव्यांग अपत्याचं इतर सर्व उत्पन्न, त्याला लागू होणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई सवलत यापेक्षा कमी असेल तर तो पात्र राहतो. समजा शेवटचा पगार ६०,००० होता, तर मर्यादा १८,००० आणि त्यावर महागाई सवलत. बेकरीत महिना नऊ-दहा हजार मिळाले आणि ठेवीचं व्याज दोन-अडीच हजार धरलं तरी तो मर्यादेच्या आतच राहतो. त्यात घराचं भाडं आलं की मात्र गणित बदलतं. नुसत्या भीतीपोटी मुलाचं शिक्षण थांबवू नका.

प्रशिक्षण खासगी संस्थेत असेल तर आरक्षणाच्या भरवशावर राहू नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३२ मधल्या किमान पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत. संस्थेने अक्षमतेच्या कारणाने नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी मागितल्यावर नकाराचा सूर बऱ्याचदा बदलतो.

आणि समितीपुढे जाताना मुलाला बरोबर न्या. अध्यक्षांनी काही विचारलं तर उत्तर त्यालाच देऊ द्या, वेळ लागला तरी मध्ये बोलू नका. पालकाची गरज आहे का, हे समितीला त्याच्याकडूनच कळायला हवं.