भिशीची चिठ्ठी आणि प्रकाशाचा कण

प्रश्न : सर, नमस्कार. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. इतकी वर्षं तांब्यात चिठ्ठ्या टाकून लहान पोराकडून एक उचलून घ्यायचो. आता एकीच्या मोबाइलवर ॲप आलंय, बटण दाबलं की नाव येतं. माझा मुलगा बेळगावला इंजिनिअरिंग करतो. तो म्हणतो, हा आकडा खरा रँडम, म्हणजे आधी ओळखताच न येणारा, नव्हेच, खरा फक्त क्वांटमच्या यंत्रातून मिळतो. म्हणजे काय? आणि आम्ही भिशी काढायची कशी?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, मुलाचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. साधा प्रोग्रॅम आकडा 'काढत' नाही, गणित करून तयार करतो. सुरुवातीला एक आकडा घेतो, त्याला सीड म्हणतात. पुढची सगळी रांग त्यातून निघते. ती दिसायला कितीही विस्कळीत असो, सीड तोच असला की रांग तीच. म्हणून ज्याला सीड ओळखता आला, त्याला सगळंच कळलं.

हे नुसतं पुस्तकातलं भय नाही. १९९५ साली नेटस्केप ब्राउझरच्या गुप्त किल्ल्या (माहिती कुलूपबंद करणारे आकडे) गोल्डबर्ग आणि वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी शोधून दाखवल्या, कारण सीड घड्याळातली वेळ आणि संगणकातले काही क्रमांक यांवरून घेतलेला होता. पुढे डेबियन या संगणकप्रणालीत २००६ साली एक बदल झाला आणि एका प्रकारच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास उरल्या. संगणकाला तेवढ्या तपासून बघायला कितीसा वेळ लागणार? ही चूक उघड झाली २००८ मध्ये. आजचे फोन आतल्या सर्किटमधली अनिश्चित हालचाल गोळा करून सीड बनवतात, त्यामुळे ते पुष्कळ सुधारलेत. पण भिशीचं ॲप ती सोय वापरतं की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

आता क्वांटम, म्हणजे प्रकाशकणांसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींचं शास्त्र. मला पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना शिकवताना सर्वांत आवडणारा भाग हाच. संध्याकाळी दिवा लावून खिडकीच्या काचेत बघा. बाहेरची गल्लीही दिसते आणि आपला चेहराही. काचेच्या एकेका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो, बाकीचा पार जातो. पण प्रकाश कणाकणांनी येतो आणि कण अर्धा होत नाही. मग कुठला कण परतायचा, हे कोण ठरवतं? कुणीच नाही. मॅक्स बॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९२६ साली मांडलं की इथे फक्त शक्यता सांगता येते. आइन्स्टाइनला हे पटलं नाही. जॉन बेलने १९६४ मध्ये ते प्रयोगाने तपासायची वाट दाखवली. कण आपलं उत्तर आधीच ठरवून सोबत आणतात, ही कल्पना त्या प्रयोगांत टिकली नाही. क्लाउझर, अस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

क्वांटमच्या यंत्रात निम्मा प्रकाश परतवणारा आरसा बसवतात. कण पार गेला तर ०, परतला तर १. मात्र आरसा किंवा कण टिपणारी साधनं अगदी समसमान कधीच नसतात. त्यावर गणितज्ञ फॉन नॉयमनची १९५१ सालची युक्ती मला फार सुंदर वाटते : आकडे जोडीने घ्या. ०० आणि ११ टाकून द्या. ०१ आलं तर ० लिहा, १० आलं तर १. यंत्र एका बाजूला झुकतं असलं तरी ०१ आणि १० यांची शक्यता सारखीच राहते, फक्त प्रत्येक कण आधीच्यापासून स्वतंत्र हवा. मुलाला पोचा पडलेलं नाणं घेऊन करून बघायला सांगा.

क्वांटम आकडे काढणारी चिप घातलेला फोन २०२० मध्ये दक्षिण कोरियात विक्रीला आला. आपल्या बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतही या विषयावर काम चालतं. तरी विकत घेतलेल्या यंत्रावर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेने २०१८ मध्ये बेलच्याच कसोटीने १,०२४ बिट, म्हणजे ०-१ चे आकडे, खरोखर रँडम असल्याचं प्रमाणित करून दाखवलं. आपण एवढ्या खटाटोपात पडायचं कारण नाही. पण बँकांच्या, सरकारच्या गुप्त किल्ल्यांसाठी हा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

भिशीला मात्र तांब्याच ठेवा. तिथे आकडा कुणाला ओळखता येऊ नये एवढ्याने भागत नाही, तो काढताना सगळ्यांना दिसलाही पाहिजे. ॲपमध्ये नको ते नाव आलं की पुन्हा बटण दाबता येतं, आणि ते इतर जणींना कळत नाही. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, सारख्या मापाच्या करा, सारख्याच घड्या घाला. टाकण्याआधी सगळ्यांसमोर मोजा आणि तांब्या चांगला हलवा.