सॅटेलाइटवरून पाऊस कसा मोजतात? आणि तो मोजता येतो तर गावोगावी पर्जन्यमापक कशाला?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझे वडील पाटण तालुक्यात, कोयनेच्या पाणलोटात पर्जन्यमापकावर नोकरीला होते. सकाळी साडेआठचं रीडिंग म्हणजे साडेआठलाच, बाहेर कितीही झोडपत असो. इरलं घेऊन जायचं, नरसाळ्यातला पालापाचोळा काढायचा, आणि जुलैत पाणी एवढं की मापाच्या काचेत एका दमात मावायचंच नाही, काच भरायची, वहीत लिहायचं, ओतून द्यायचं, परत भरायची.

आणि आमचा पुण्याचा आतेभाऊ दर पावसाळ्यात मोबाइलवरचा नकाशा दाखवून म्हणणार, मामा, आता हे कशाला, सगळं वरनं दिसतं. एकदा वहीत दोनशेच्या वर मिमी नि त्याच्या नकाशात आमच्या डोंगरावर किरकोळ पाऊस, तर म्हणे तुमच्या भांड्यात पागोळ्यांचं पाणी पडत असेल! वडील गप्प बसले, मला ते अजून लागतं.

तर ऐका. सॅटेलाइट पाऊस मोजत नाही, अंदाज काढतो. आपला हवामानाचा सॅटेलाइट इन्सॅट-३डीआर ३६ हजार किमीवरनं ढगाचा माथा किती थंड ते बघतो, माथा थंड म्हणजे ढग उंच, म्हणजे पाऊस जास्त असं गणित. मायक्रोवेव्ह लहरी टिपणारे सॅटेलाइट जमिनीवरचा पाऊस मुख्यतः ढगातल्या बर्फावरनं ठरवतात. नासा नि जपाननं २०१४ ला सोडलेल्या जीपीएम या पाऊस बघणाऱ्या सॅटेलाइटवर तर रडारच आहे, पण तो फिरता, आपल्या डोक्यावर कायम नसतो, आणि डोंगरात अगदी जमिनीलगतचा पाऊस त्याला धड दिसत नाही. आता आपला घाटातला पाऊस बघा, ढग बुटके, बर्फ कमी, आणि तरी रात्रंदिवस ओततंय. वरनं तो ढग साधाच वाटणार. त्यात जीपीएमच्या नकाशाचा एक चौकोन साधारण दहा किमीचा, आणि आमच्याकडं तेवढ्यात एक खिंड ओलांडली की पाऊस निम्मा होतो.

समुद्रावर मात्र सॅटेलाइटला पर्याय नाही हे खरं, आणि माण-खटावचा वळीव उंच ढगांचा, तो त्याला बरा सापडतो. पण जीपीएमचा पक्का डेटा तीनेक महिन्यांनी येतो आणि तो जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या आकड्यांशी जुळवूनच देतात, हे त्या आतेभावाला कुणीतरी सांगा. मोबाइलवर लगेच दिसतो तो त्या महिन्याच्या मापांशी न जुळवलेला. तुम्ही घाटाच्या बाजूला राहत असाल तर आधी जवळच्या केंद्राचा आकडा विचारा, मग नकाशा उघडा.