‘बघू’ म्हणजे काय?

प्रश्न : मुलगा-सून ठाण्याला असतात. गणपतीला कधी येताय, असं विचारलं की मुलगा ‘बघू’ म्हणतो. सुनेला यायचं नसतं हे मला कळतं. तसं बोलून दाखवलं की तो फोन ठेवतो. काय करावं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुलगा बोलला तो एकच शब्द, ‘बघू’. सुनेचं नाव त्यात नव्हतं, ते तुमच्याकडून आलं. पोटच्या पोराचं मन आपल्याला कळतंच, ही खात्री इथे घात करते. मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 25 प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्याने अंदाज अधिक बरोबर येत नव्हता. त्या माणसालाच विचारलं की येत होता.

मात्र विचारणं जपून हवं. ‘तिला यायचं नाही ना?’ यातला ‘ना’ फक्त होकार मागतो. ‘का येत नाही?’ हा जाब झाला, त्याला सबबच मिळणार. आणि ‘म्हणजे तुम्ही येणार नाही!’ हा तर निकालच. तोच ‘म्हणजे’ जरा पुढे सरकवा : ‘बघू म्हणजे काय काय बघायचंय रे?’ एवढं विचारून गप्प बसा. मनात सहापर्यंत आकडे मोजा. हे अवघड जातं. तिसऱ्या आकड्यालाच आपण ‘रजा नसेल म्हणा’ असं उत्तर पुरवतो आणि तो ‘हो’ म्हणून सुटतो.

तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत परत म्हणा : ‘रजेचं सोमवारी कळेल, मग तिकीट काढणार. असंच ना?’ हा ‘ना’ चालतो, कारण तो त्याचंच बोलणं पडताळतो. लागोपाठ तीन-चार प्रश्न मात्र नकोत, ती उलटतपासणी होते.

सुनेचं मन मुलाकडून काढू नका. तिलाच फोन करा : ‘यंदा गणपतीत तुला कसं सोयीचं पडेल गं?’ उत्तर मनाविरुद्ध आलं तरी तिथेच समजावू लागू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तीही ‘बघू’ म्हणेल.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीतल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणून हे फोन त्याच्याही आठवडाभर आधी, सुट्टीच्या सकाळी करा. संध्याकाळी लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्या चाकरमान्याकडून ‘बघू’पलीकडे काही निघत नाही.