मार्चमध्ये ग्रँड कॅन्यन? स्वेटर घ्या

वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे भरू नका. साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ, सुमारे ७,००० फुटांवर आहे, मार्चमध्ये पहाटे पाणी गोठतं, बर्फही पडतो. नॉर्थ रिमचा विचार सोडाच, तो तेव्हा बंद असतो.

मुलांना ब्राइट एंजल ट्रेल या दरीत उतरणाऱ्या पायवाटेवर जरूर न्या, पण थोडंच. उतरताना पोरं पळत सुटतात, चढताना 'कडेवर घ्या' सुरू! उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. सावलीतल्या वळणांवर बर्फ काचेसारखा घट्ट होतो, बुटांना लावायचे काटे हवेतच. आजी-आजोबा असतील तर फुकटच्या शटलने होपी पॉइंटला सूर्यास्त गाठा. अँटिलोप कॅन्यन, म्हणजे नवाहो या मूळनिवासी जमातीच्या भागातली अरुंद घळ, जोडताय? नवाहो वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, बुकिंग आत्ताच करा. आणि घड्याळ सांभाळा: अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते मार्चमध्ये तासभर पुढे करतात; ग्रँड कॅन्यन ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनात करत नाहीत, पण तिथल्याच नवाहो भागात करतात. टूरची वेळ कुठल्या घड्याळाची, ते विचारूनच निघा.